'एंटरटेन'चा अर्थ शोधता शोधता: जुन्या कोशांतून इंग्रजी समजून घेण्याबद्दल

गडवाटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोय. थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

मी भाषेचा माणूस नाही. नोकरी हिशेबाची, नाद जुन्या कागदांचा. गेली सहा-सात वर्षं सुट्टी मिळाली की आमच्या भागाचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास गोळा करत बसतो. मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स, ग्रँट डफचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास, कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांचे छापील पत्रव्यवहार, असं सगळं. यातलं बरंचसं इंग्रजीत. आणि इंग्रजी आपल्याला येतं, अशी माझी पक्की समजूत होती. ऑफिसात दिवसभर तेच तर वापरतो.

एका पत्रात वाक्य होतं की अमक्या सरदाराने 'एंटरटेन्ड फाइव्ह हंड्रेड हॉर्स'. मी टिपण केलं, 'सरदाराने पाचशे घोड्यांची बडदास्त ठेवली.' त्यावरून त्याच्या ऐश्वर्याबद्दल एक परिच्छेद रचला, आणि लेख आमच्याकडच्या एका छोट्या दिवाळी अंकात छापून आला. वर्षभराने एका वयस्कर वाचकांचं पोस्टकार्ड आलं. लढाई तोंडावर आली असताना हा माणूस घोड्यांची बडदास्त कसली ठेवत बसला होता, एवढंच विचारलं होतं. उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. पण प्रश्न अगदी वर्मावर होता.

घरातला कोश काढला. करमणूक करणे, पाहुणचार करणे, एखादा विचार मनात बाळगणे. एकही अर्थ बसेना. शेवटी इंटरनेट अर्काइव्हवर सॅम्युएल जॉन्सनच्या कोशाची स्कॅन प्रत मिळाली, लंडनमध्ये १७५५ साली दोन मोठ्या खंडांत निघालेला कोश. तिथे 'एंटरटेन'च्या अर्थांमध्ये एक अर्थ सरळ दिलेला होता: नोकरीत ठेवणे. शेक्सपिअरचा लिअर राजा वादळातल्या त्या प्रसंगात एडगरला म्हणतो की तुला मी माझ्या शंभरांतला एक म्हणून 'एंटरटेन' करतो, तो हाच अर्थ. 'हॉर्स' म्हणजे नुसते घोडे नव्हेत, घोडदळ. म्हणजे सरदाराने पाचशे स्वार चाकरीला ठेवले होते! मी ज्याला ऐश्वर्य समजलो ती लढाईची तयारी होती. लेखाचा निष्कर्षच उलटा झाला. पुढच्या अंकात दुरुस्ती दिली, पण पहिला अंक लोकांच्या घरी गेला तो गेलाच. अजून खात राहतं ते मनाला.

तेव्हापासून जुनं काही वाचताना जुना कोश शेजारी उघडा ठेवतो. आणि काय काय सापडलं म्हणून सांगू. 'इंटेलिजन्स आली' म्हणजे बातमी आली. 'डिस्कव्हर्ड हिज डिझाइन' म्हणजे आपला बेत उघड केला. शोधबिध काही लावला नाही. 'वॉन्ट ऑफ रेन' म्हणजे पावसाची इच्छा नव्हे, पावसाची वाण. 'इंडिफरंट वॉटर' हे मी आधी 'पाण्याबाबत उदासीनता' असं वाचलं होतं. ते 'जेमतेम बरं पाणी' निघालं. यातला एकही शब्द अवघड नाही हे लक्षात घ्या. अवघड शब्दाला आपण थांबतो, कोश उघडतो. ओळखीच्या शब्दाला थांबतच नाही, आणि फसतो ते तिथेच.

मला कळलं ते असं. आजचा कोश शब्दाचा आजचा पत्ता देतो. जुना कोश त्या शब्दाचं जुनं घर दाखवतो, तिथे त्याच्या शेजारी कोण राहायचं तेही दाखवतो. पण मी सगळं ठेचकाळत शिकलोय. तुमच्यापैकी कोणी असे कोश वापरतं का? कोणते? कसे?

ओटीवरची

गडवाटा, धागा वाचून अंगावर काटा आला, कारण माझं अगदी हेच झालं होतं 'कॉन्डिसेन्शन'वर.

जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये ते कॉलिन्स नावाचे पाद्री आहेत ना, ते आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या 'कॉन्डिसेन्शन'चं तोंड फाटेस्तोवर कौतुक करतात. कॉलेजात वाचलं तेव्हा वाटायचं, हा माणूस तिच्या तुच्छतेचं कौतुक का करतोय? आज हा शब्द वाईटच ना, समोरच्याला कमी लेखून बोलणं. पुढे कितीतरी वर्षांनी जॉन्सनमध्ये पाहिलं. तिथे अर्थ असा की मोठ्या माणसाने आपण होऊन मोठेपणा खाली ठेवणं आणि आपल्याहून लहानांशी बरोबरीने वागायला येणं. म्हणजे तो तेव्हा गुण होता! पाद्रीबुवा मनापासून तिची थोरवी गातायत. मात्र ऑस्टिनने लेडी कॅथरीनला अशी रंगवलीय की तिच्यात तो गुण औषधाला नाही. जुना अर्थ माहीत असला तरच हा विनोद पूर्ण उघडतो. आजच्या अर्थाने वाचलं तर वाक्य नुसतं विचित्र वाटतं आणि आपण पुढे जातो.

मराठीत आपल्याला हे परकं नाही. ज्ञानेश्वरी वाचताना आजचे अर्थ घेऊन बसलं तर चालतं का? तिथे आपण निमूटपणे शब्दार्थांची यादी शेजारी ठेवतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला मात्र तो मान देत नाही, कारण अक्षरं ओळखीची दिसतात.

शाळामास्तर

धागा चांगला आहे, पण एक वेगळा सूर लावतो. राग मानू नये.

मी तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. मुलं विचारतात, 'सर, कोणती डिक्शनरी घेऊ?' त्यांना मी जॉन्सन किंवा अमेरिकेतल्या वेबस्टरचा जुना कोश सांगणार नाही. त्यांची अडचण शब्दाच्या इतिहासाची नाही. त्यांना 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लावायचं नाही, 'इन्फर्मेशन'ला 'एस' लावायचा नाही, हे कुणीतरी सांगायला हवं. जुन्या कोशांत हे नसतं, कारण ते इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनी आपल्याच लोकांसाठी लिहिलेत. परभाषकाला काय अडतं याचा विचार फार पुढे आला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते, त्यांचा आणि सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि त्यातूनच पुढे ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश झाला. लॉंगमनने १९७८ मध्ये सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांत बसवल्या. माझ्या वर्गातल्या मुलीला व्याख्येतलाच शब्द पाहायला दुसरं पान उलटावं लागत नाही, हे केवढं मोठं काम आहे!

जॉन्सनची 'नेटवर्क'ची व्याख्या कुणी वाचली असेल तर कळेल मी काय म्हणतोय. साधं जाळं, पण व्याख्येत 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड', 'इंटरस्टिसेस' असे शब्द. मूळ शब्द परवडला.

गडवाटा

मास्तर, राग कसला, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. मला लिहायचं असेल तर मी आजचाच कोश घेतो. मेलमध्ये 'इंटेलिजन्स' हा शब्द बातमी म्हणून वापरला तर साहेब दचकतील. माझा मुद्दा वाचण्यापुरता होता, हे वर नीट लिहायला हवं होतं.

कीबोर्ड

नाही नाही, गडवाटा, इतक्यात माघार घेऊ नका. लिहिण्यासाठीसुद्धा जुने कोश लागतात. फक्त कोणता जुना, ते पाहायला हवं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसातले चार तास तांत्रिक इंग्रजी लिहिण्यात जातात. फोनवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे वेबस्टरची १९१३ ची आवृत्ती टाकलीय. तिचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे सगळा मजकूर फुकट मिळतो. ऑफलाइन कोशाच्या ॲपमध्ये ती फाइल घालायची, झालं काम.

एक नमुना देतो. चमकण्याचे शब्द घ्या: फ्लॅश, ग्लिटर, ग्लीम, ग्लिसन. आजचे छोटे कोश यातल्या प्रत्येकाला 'शाइन' म्हणतात आणि मोकळे होतात. १९१३ च्या वेबस्टरमध्ये 'फ्लॅश'खाली एक टीप आहे. तिचा गाभा असा: 'फ्लॅश' म्हणजे प्रकाशाचा लोट, एकदम येणारा आणि एकदम जाणारा. 'ग्लिटर' आणि 'ग्लीम' म्हणजे लहानशा वस्तूतून किंवा किरणांच्या बारीक झोतातून येणारा प्रकाश. आणि 'ग्लिसन' म्हणजे मऊ, थरथरत्या तेजाने चमकणं, जसे आसवांनी भरलेले डोळे किंवा दवाने भिजलेली फुलं.

आसवांनी भरलेले डोळे! कोशात! मी ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकून बसलो. आपल्याकडे लखलखणं, चकाकणं, चमचमणं, तकाकणं, झळाळणं, लुकलुकणं यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही, कारण आपण तो आईकडून घेतलाय. इंग्रजीतला हा फरक मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आईसारखा समजावून सांगितला. त्याच कोशात 'पॅथोस'च्या व्याख्येत 'भावनेची लागट ऊब' अशा अर्थाचे शब्द येतात. नुसता अर्थ कळत नाही, तो शब्द कुठे शोभेल तेही कळतं.

मास्तरांच्या मुलीने लॉंगमन वापरावा, बरोबरच आहे. पण ती बारावी झाली, वाचायला लागली, की तिला हेही कुणीतरी दाखवा.

रद्दीतलं सोनं

वाचनखूण साठवली!

कीबोर्ड, वेबस्टर म्हणताना लोकांचा गोंधळ होतो म्हणून थोडी वंशावळ. नोआ वेबस्टरचा स्वतःचा मोठा कोश १८२८ चा, सुमारे ७०,००० शब्दांचा. तेव्हा त्याने वयाची सत्तरी गाठली होती. १८४३ मध्ये तो गेला आणि मेरियम बंधूंनी हक्क घेतले. पुढे १८६४, १८९०, १९०९ अशी मोठी संस्करणं झाली. १८९० चा वाढवलेला मजकूर १९१३ मध्ये निघाला, तो तुमच्या फोनमधला. १९३४ मध्ये दुसरी न्यू इंटरनॅशनल आवृत्ती, १९६१ मध्ये तिसरी. तेव्हा 'वेबस्टरमध्ये असं दिलंय' एवढ्याने काहीच सांगितलं जात नाही. कोणत्या सालचा, ते आधी सांगा.

मी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून कोश गोळा करतो. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूला अजूनही नशीब उघडतं. पाठीला वाळवी, मुखपृष्ठ गायब, पण आत सगळं शाबूत. मला सर्वांत प्रिय आहे यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन'. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात घुसलेल्या आपल्याकडच्या शब्दांचा कोश. गडवाटा, गॅझेटियर वाचताना हा जवळ हवाच. तिथे 'टँक' म्हणजे रणगाडा नाही आणि गच्चीवरची टाकीही नाही, तळं आहे. 'काउल' म्हणजे आपला कौल, कौलनामा. 'कचेरी' तर इतक्या तऱ्हांनी लिहिलेली सापडते की मोठ्याने वाचल्याशिवाय ओळखू येत नाही.

अवांतर: 'मॉन्गूस' हा इंग्रजी शब्द कोशकार मराठी मुंगुसावरून आल्याचं देतात. परसातल्या मुंगुसाने एवढी मजल मारली, मला फार अभिमान वाटतो त्याचा.

सातबारा

वकिली करतो, म्हणून माझ्या बाजूने थोडं.

जुन्या कोशांचा अभ्यास हा आमच्याकडे नाद नाही, कामाचा भाग आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'मिस्चिफ' हा गुन्हा होता, कलम ४२५. आज पोराने खोडी काढली तर त्याला 'मिस्चिफ' म्हणतात. पण त्या संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या पिढीचं इंग्रजी घ्या. जॉन्सन 'मिस्चिफ'चा पहिला अर्थ देतो हानी, इजा. कायद्यात तोच भारदस्त अर्थ आहे, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान किंवा नाश. मराठी कायद्यात त्याला 'आगळीक' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही कलम ३२४ मध्ये हा शब्द जसाच्या तसा आहे. नवशिके वकील पहिल्यांदा वाचतात तेव्हा चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह असतं.

अमेरिकेत तर हे आणखी पुढे गेलंय. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची त्यांची घटनादुरुस्ती १७९१ ची. २००८ च्या हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'आर्म्स' म्हणजे त्या काळी काय समजत, हे ठरवताना जॉन्सनची १७७३ ची आवृत्ती आणि वेबस्टरचा १८२८ चा कोश उघडला. निकाल पटो न पटो, अडीचशे वर्षांपूर्वीच्या व्याख्येवर आजच्या माणसांचे हक्क ठरतात, ही गोष्ट मला थरारक वाटते.

पण यातला धोकाही मला रोज दिसतो. एका कोशातला आपल्या सोयीचा एक अर्थ उचलायचा आणि 'बघा, कोश काय म्हणतो' म्हणून टेबलावर आपटायचा. गडवाटा, तुमचा 'नोकरीत ठेवणे' हा अर्थ मला पटला तो जॉन्सनने दिला म्हणून नव्हे. पाचशे घोडदळ, लढाईचा प्रसंग, पत्राचा पुढचा-मागचा मजकूर, सगळं जुळलं म्हणून. कोश हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

धातुपाठ

सातबारा यांनी धोक्याचा विषय काढला म्हणून दोन गोष्टी. दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली. जुना अर्थ म्हणजे खरा अर्थ नव्हे. 'नाइस' लॅटिनमधल्या 'अडाणी' या अर्थाच्या शब्दापासून निघाला. इंग्रजीत आधी मूर्ख, मग नको इतका चोखंदळ, मग बारकाव्याचा, आणि अठराव्या शतकापासून छान. 'सिली' उलट दिशेने गेला, पुण्यवान, भोळा, बिचारा, शेवटी वेडपट. ही वाट पाहण्यात आनंद आहे. पण म्हणून आज कुणी 'नाइस' म्हणालं तर 'तुम्ही मला मूर्ख म्हणालात' असं धरता येत नाही. आपल्याकडेही काही लोक प्रत्येक शब्दाचा संस्कृत धातू काढून आजचा अर्थ चुकीचा ठरवतात. तीच चूक.

दुसरी. जुन्या कोशांतल्या व्युत्पत्तींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वेबस्टरने १८२८ साठी वीसेक भाषा धुंडाळल्या, कष्टांबद्दल शंकाच नाही. पण त्याच काळात जर्मनीत तौलनिक भाषाशास्त्र उभं राहत होतं, तिकडे त्याने नीट पाहिलं नाही. बायबलच्या आधाराने सगळ्या भाषांचं मूळ तो खाल्डी या पश्चिम आशियातल्या प्राचीन भाषेत शोधत राहिला. १८६४ च्या आवृत्तीत मान नावाच्या जर्मन पंडिताकडून व्युत्पत्ती नव्याने लिहून घ्याव्या लागल्या. व्याख्या १८२८ च्या वाचा, व्युत्पत्ती मात्र आजच्या कोशात पाहा.

छापील कोशही चुकतो. १९३४ च्या वेबस्टरमध्ये 'डोर्ड' असा शब्द होता, अर्थ घनता. असा शब्दच नाही! घनतेसाठी 'मोठा डी किंवा छोटा डी' हे संक्षेप वापरतात, असं सांगणारी चिठ्ठी होती. त्यातला इंग्रजी 'ऑर' दोन 'डी'ना चिकटून शब्द तयार झाला. १९३९ पर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

टेम्सकाठी

लंडनहून वाचतोय. इथे फ्लीट स्ट्रीटच्या मागे बोळाबोळांतून गेलं की १७, गफ स्क्वेअर येतं. जॉन्सनचं हे घर आता संग्रहालय आहे. १७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांनी त्याच्याशी १,५०० गिनींचा करार केला. याच घराच्या माळ्यावर सहा मदतनीस बसत. जॉन्सन पुस्तकं वाचायचा, हव्या त्या शब्दाखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढायचा, समासात त्या शब्दाचं पहिलं अक्षर टाकायचा. मदतनीस ते वाक्य कागदावर उतरवून घेत. असे ४२,००० हून जास्त शब्द आणि एक लाखावर अवतरणं. तो जिना चढून वर गेलो आणि खिडकीतून येणारा उजेड पाहत उभा राहिलो. बराच वेळ खाली उतरावंसं वाटेना.

गडवाटा, तुम्ही विचारलंय कसे वापरता. माझं उत्तर एकच, अवतरणं वाचा. व्याख्या एका माणसाची असते. अवतरणात शब्द चालताना दिसतो. मला शाळेत शब्द पाठ करायला लावले, 'शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग' अशा तीन रकान्यांत. तिसऱ्या रकान्यातली वाक्यं कुणीही कधीही बोललेली नसायची. जॉन्सनमध्ये तोच तिसरा रकाना शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन भरतात.

चौकात त्याच्या हॉज नावाच्या मांजराचा पुतळाही आहे, शेजारी कालवांचे शिंपले. मांजरासाठी कालवं आणायला तो स्वतः बाजारात जायचा.

रद्दीतलं सोनं

वा! अवतरणांचा विषय निघालाच आहे तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाबद्दल बोलायलाच हवं. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली, १८७९ मध्ये जेम्स मरेने संपादन हाती घेतलं, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. मरे १९१५ लाच गेला. हजारो सामान्य वाचकांनी घरबसल्या पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवल्या. छापली गेली ती अवतरणंच १८ लाखांवर. 'बॉन्डमेड' या शब्दाच्या चिठ्ठ्या तर गहाळ झाल्या आणि शब्द पहिल्या छपाईतून सुटला. पहिल्या आवृत्तीचे खंड आता नेटवर स्कॅन स्वरूपात मिळतात. प्रत्येक शब्दाखाली अवतरणं सालवार लावलेली. शब्दाचं चरित्रच.

पुण्यात डेक्कन कॉलेजात याच धर्तीवर संस्कृतचा कोश चाललाय, १९४८ पासून. दीड हजारांवर ग्रंथांतून काढलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत आहेत. मरे ज्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून कोशाचं काम करायचा तिथे काय वातावरण असेल ते बघायचं असेल तर ऑक्सफर्डला जायला नको, येरवड्याला जा.

ओटीवरची

नवीन माणसांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी, ज्यांच्यापायी मी पहिल्या आठवड्यात कोश बंद करून ठेवला होता.

जॉन्सनच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांब असतो, अगदी 'एफ'सारखा दिसतो. 'सॅड'चं 'फॅड' वाचलं जातं. आडवी रेघ दोन्ही बाजूंना गेलीय का बघायचं. नसेल तर 'एस'. दोन दिवसांत डोळा बसतो. आणि त्यात 'आय' आणि 'जे' एकाच अक्षरासारखे एकत्र लावलेत, तसेच 'यू' आणि 'व्ही'. मी 'जेलस' शोधत होते, 'जे' हा विभागच मिळेना! 'आय'मध्ये जा, तिथे सापडेल.

आणि आपलं सोनं विसरू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. आपण तो मराठीसाठी उघडतो. एकदा उलट करून बघा, त्यातलं इंग्रजी वाचा. खळखळ, खुळखुळ, खणखण अशा आपल्या नादशब्दांना त्या माणसाने इंग्रजीत पकडलंय. कुठला आवाज पाण्याचा, कुठला धातूचा, कुठला वाळक्या पानांचा. आपल्याला मराठी आतून माहीत असते, त्यामुळे त्याचा इंग्रजी शब्द किती नेमका बसलाय ते आपण तोलू शकतो. हा फायदा खुद्द इंग्रजाला नाही. कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोशही तसाच, त्या काळी इंग्रजी शब्द कोणत्या अर्थाने घेत हे चक्क मराठीत सांगणारा.

शाळामास्तर

दहा दिवसांनी येतोय. कीबोर्ड यांनी माझ्या विद्यार्थिनीचा विषय काढला तो डोक्यातून जाईना. अकरावीच्या वर्गात फळ्यावर लखलखणे, चमचमणे, लुकलुकणे लिहिलं आणि मुलांना म्हटलं, यांच्या व्याख्या करा, पण 'चमकणे' हा शब्द न वापरता. अर्धा तास वर्गात नुसता कालवा. एक मुलगा म्हणाला, 'लुकलुकणारी वस्तू लांब असते, सर, जवळची वस्तू लुकलुकत नाही.' मग मी 'ग्लिसन'ची ती टीप वाचून दाखवली. कोणी हू की चू केलं नाही. तास संपल्यावर दोन मुली थांबल्या आणि त्या कोशाचं नाव वहीत लिहून घेतलं.

लॉंगमनबद्दलचं माझं मत तेच आहे. पण आता दोन्ही सांगतो.

पहिल्यांदाच_लिहितेय

नमस्कार. मी नुसतं वाचणारी. धाग्यावर इतकी जाणती माणसं आहेत म्हणून धीर करून विचारते.

माझे पणजोबा एका शाळेत शिक्षक होते. १८९० च्या सुमाराचं त्यांचं एक प्रशस्तिपत्र घरी जपलंय, इंग्रज हेडमास्तरांच्या सहीचं. त्यात लिहिलंय की ते 'नर्व्हस इंग्लिश' लिहितात. आमच्या घरात कायम सांगितलं गेलं की पणजोबा हुशार होते पण साहेबापुढे घाबरायचे, लिहितानासुद्धा हात कापायचा, प्रशस्तिपत्रातच तसं आहे. आजोबांना त्याचं वाईट वाटायचं. कुणाला दाखवायचे नाहीत ते. या शब्दाचाही काही जुना अर्थ असेल का?

गडवाटा

ताई, आत्ता लगेच दोन्ही कोश उघडून बसलोय.

जॉन्सन, 'नर्व्हस', पहिला अर्थ: पिळदार, बळकट, जोमदार. कमकुवत मज्जातंतूंचा हा अर्थ तो तिसरा देतो आणि वैद्यांच्या बोलीतला म्हणून बाजूला ठेवतो. तुमचं पत्र जॉन्सनच्या खूप नंतरचं, म्हणून १९१३ चा वेबस्टरही पाहिला. तिथे स्पष्ट आहे: विचारात किंवा शैलीत जोर असलेला, ठसठशीत. आणि उदाहरण म्हणून दिलंय 'अ नर्व्हस रायटर'. सातबारा म्हणतील आजूबाजूचा मजकूर पाहा, तर तोही तुमच्या बाजूचा आहे. प्रशस्तिपत्रात कुणी भित्रेपणा लिहून सही करत नाही.

तुमचे पणजोबा दमदार इंग्रजी लिहायचे, असं त्या हेडमास्तरांनी लिहिलंय.

पहिल्यांदाच_लिहितेय

आजोबा आता नाहीत. आई आहे, ब्याऐंशी वर्षांची. आत्ता जाऊन तिला वाचून दाखवलं. तिने पत्र मागितलं आणि चष्मा लावून तो एक शब्द बराच वेळ बघत बसली. उद्या फ्रेम करायला टाकायचं म्हणतेय.